पेट्रोलची नळी : मोटारसायकलच्या जोडटाकीसाठी कोणती निवडावी?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझा भाचा मुक्कामाला आला, तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या कॅरिअरवर ॲल्युमिनियमची पाच लिटरची एक टाकी बसवलेली दिसली. जूनमध्ये मित्रांबरोबर मनालीहून लेहला जायचा बेत होता. टाकीच्या तळाला पितळी कॉक, कॉकपासून सीटखालून मुख्य टाकीच्या तळालगत गेलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना जुबली क्लिपा. काम नीटनेटके होते. "नळी कुठली?" असे विचारल्यावर तो अभिमानाने म्हणाला, "हार्डवेअरच्या दुकानातली, मामा. आतलं पेट्रोल दिसतं."

म्हणजे गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तीच नळी. गाडी रात्री आमच्या पडवीत उभी होती. सकाळी दार उघडले तर पेट्रोलचा वास, आणि पडवीला लागून असलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर. कुणी तो चालू करण्याआधी मी गाडी अंगणात ढकलली आणि नळी हाताने चाचपली. बसवून तीन आठवडे झाले होते. कॉकजवळचा भाग पिवळा पडून वाळल्या शेंगेसारखा कडक झाला होता. बोटाने जरा पिरगाळताच ती निपलवरून ओलसर होऊन निघाली.

मी आयुष्यभर यंत्रशाळेत नळ्या, सील आणि गॅस्केटे यांच्याशी झगडलो आहे. तरी 'मग कोणती नळी लावू?' या त्याच्या साध्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मला देता आले नाही. त्या उत्तरासाठी जे वाचले, तपासले आणि जुन्या अनुभवाशी ताडून पाहिले, ते या लेखात मांडत आहे. जोडटाकी न लावणाऱ्यांनीही तो वाचावा. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक दुचाकीत अशी एक नळी असतेच, आणि आपल्या पंपावरचे पेट्रोल गेल्या काही वर्षांत बदलले आहे.

जोडटाकी कशासाठी?

मनाली–लेह रस्त्यावर तांदी येथील पेट्रोल पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' असा फलक कित्येक वर्षे प्रसिद्ध आहे. तेरा लिटरच्या टाकीची गाडी सपाटीवर लिटरला तीस किलोमीटर देत असेल, तर हिशेबाने ३९० किलोमीटर जाईल. पण घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सामानासह तीच गाडी पंचवीसवर आली तर ३२५ किलोमीटरवरच थांबेल. ती चाळीस किलोमीटरची तूट भरायला दोन लिटरही पुरतात. सुरक्षिततेसाठी पाच धरले जातात.

अमेरिकेत हा छंद बराच पुढे गेला आहे. तिथल्या आयर्न बट असोसिएशनच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत स्वार मोठमोठ्या जोडटाक्या लावतात. संघटनेने मुख्य आणि जोड अशा दोन्ही टाक्या मिळून साडेअकरा अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस लिटर, ही मर्यादा घालून दिलेली आहे. तिथे नळ्या, जोड आणि झडपा यांचे तयार साहित्य सहज मिळते. आपल्याकडे टाकी गॅरेजवाला वेल्डिंग करून देतो आणि नळी जी हाताशी येईल ती लावतो. गवंड्याची लेव्हल नळी, सलाईनची नळी, गॅस शेगडीची नळी, मत्स्यटाकीतल्या हवेच्या पंपाची नळी, हे सगळे मी पेट्रोलसाठी लावलेले पाहिले आहे.

पेट्रोल बदलले, नळ्या राहिल्या

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या देशातल्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी दोन महाराष्ट्रात होते : २००१ साली मिरज आणि मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आवळ्याला होता. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के इथेनॉलचे, म्हणजे 'ई-२०' पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र रूढ झाले. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना यातून मोठा आधार मिळाला. ऊस लावणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे एका लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांशाने कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दुचाकींचे मायलेज ई-२० मुळे तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. जोडटाकीचा मोह वाढण्याचे हेही एक कारण.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते रबराचे. वाहन उत्पादकांनी एप्रिल २०२३ पासून ई-२० ला टिकणारे रबर आणि प्लास्टिक वापरायला सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्यांतल्या नळ्या त्या काळच्या पेट्रोलसाठी निवडलेल्या होत्या. आणि गॅरेजमध्ये भिंतीवर टांगलेल्या नळीच्या वेटोळ्याला तर कुठली तारीखच नसते.

नळीला चार प्रकारे बाधा होते

नळी 'खराब झाली' असे आपण म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात. त्या वेगळ्या ओळखल्या तर पुढची निवड सोपी होते.

पहिली सूज. रबर म्हणजे लांब साखळ्यांचे जाळे. त्या साखळ्यांशी मिळताजुळता द्रव जाळ्यात शिरतो आणि रबर फुगते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तो दीडपट लांब आणि लिबलिबीत झालेला दिसेल. फुगलेली नळी क्लिपखाली कापली जाते किंवा निपलवरून सरकते.

दुसरी झीज, पण आतून. पारदर्शक पीव्हीसी मुळात कडक असते. पाण्याचे पाइप त्याचेच असतात. नळी मऊ व्हावी म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात. पेट्रोल ते द्रव्य विरघळवून बाहेर काढते. नळी आकसते, पिवळी पडते, कडक होते. भाच्याच्या नळीचे नेमके हेच झाले होते. शिवाय निघालेले ते तेलकट द्रव्य पेट्रोलबरोबर जेट किंवा इंजेक्टरकडे जाते ते वेगळेच.

तिसरी पाझर. नळी अखंड असते, कुठे भेग नसते, थेंब दिसत नाही, तरी पेट्रोलचे रेणू भिंतीतून बाहेर येत राहतात. मातीच्या माठातून पाणी पाझरते तसेच हे, फक्त दिसत नाही. वास मात्र येतो.

चौथी तडकणे. ऊन, हवेतला ओझोन, इंजिनाची उष्णता आणि हादरे यांनी नळीच्या बाहेरच्या थराला बारीक भेगा पडतात. नळी वाकवून भिंगातून पाहिले की त्या दिसतात.

कोणते द्रव्य काय सहन करते?

आता एकेक उमेदवार पाहू.

नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम : पहिले सायकलच्या ट्यूबमध्ये, दुसरे रेडिएटरच्या होजमध्ये. ईपीडीएम गरम पाणी आणि ब्रेक ऑइल उत्तम सहन करते, पेट्रोलमध्ये मात्र फुगते. 'गाडीचाच पाइप आहे' म्हणून रेडिएटरचा तुकडा पेट्रोलला लावणारे लोक इथेच फसतात.

सिलिकोन : दिसायला सुबक, उष्णता आणि थंडी दोन्ही सोसणारे, महागही. म्हणून ते उत्तम असेल असा समज होतो. पण पेट्रोलसाठी साधे सिलिकोन अगदी अयोग्य. ते खूप सुजते आणि वाफ चाळणीसारखी बाहेर सोडते.

नायट्राइल रबर : दुचाकीच्या जुन्या काळ्या पेट्रोल पाइपांत बहुधा हेच. यात ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण जितके जास्त तितकी पेट्रोलला दाद कमी, पण थंडीत लवचिकताही कमी. साध्या पेट्रोलला हे रबर पिढ्यान्‌पिढ्या पुरले. इथेनॉल आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. नायट्राइल नुसत्या इथेनॉलमध्ये फार सुजत नाही, नुसत्या पेट्रोलमध्येही बेताचेच सुजते, पण दोहोंच्या मिश्रणात दोन्हींपेक्षा जास्त सुजते. कारण असे की या रबराचा स्वभाव अर्धा तेलकट, अर्धा ध्रुवीय. पेट्रोल केवळ तेलकट, इथेनॉल बरेच ध्रुवीय. दोन्ही मिसळली की मिश्रण रबराच्या स्वभावाच्या जवळ येते, आणि समान शीलाचे द्रव्य जाळ्यात सहज शिरते. म्हणून 'शुद्ध स्पिरिटमध्ये बुडवून पाहिले, काही झाले नाही' ही परीक्षा खोटी ठरते.

पॉलियुरेथेन : रंगीत, अर्धपारदर्शक, हवेच्या यंत्रांसाठी मिळणारी नळी. पेट्रोलमध्ये पीव्हीसीपेक्षा कितीतरी बरी. पण इथेनॉलने मऊ पडते, उष्णतेने आणखी मऊ पडते, आणि तिची पॉलिएस्टर जात दमट हवेत हळूहळू तुटते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात हा मुद्दा गौण नाही.

नायलॉन ११ आणि १२ : मोटारींच्या पेट्रोल लाइनमध्ये हे फार वापरले जाते. नायलॉन ११ तर एरंडेलापासून बनते, आणि एरंडाच्या उत्पादनात आपला गुजरात जगात आघाडीवर. ही नळी कमी पाझरते, हलकी असते, टिकते. अडचण बसवण्याची. ती कडक असल्यामुळे जुबली क्लिपने आवळून भागत नाही. खास दातेरी निपलवर यंत्राने दाबून बसवावी लागते. रस्त्यात तुटली तर गॅरेजमध्ये जोडता येत नाही.

टेफ्लॉन : १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडलेले हे द्रव्य पेट्रोल, इथेनॉल कशालाच दाद देत नाही. बाहेरून स्टीलच्या तारांची वीण असलेली टेफ्लॉनची नळी शर्यतीच्या गाड्यांत असते. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. ती झटकन वाकवली की मोडते आणि मोडलेल्या जागी कायमची कमजोर होते. दुसरे, टेफ्लॉन उत्तम विद्युतरोधक आहे. वाहत्या पेट्रोलने आत स्थिर वीज साठते आणि ठिणगीने भिंतीला टाचणीएवढी छिद्रे पडू शकतात. म्हणून पेट्रोलसाठी कार्बन मिसळलेली, वीज वाहून नेणारी टेफ्लॉनचीच जात लागते.

तांबे, ॲल्युमिनियम, पोलाद : तांब्याची नळी वाकवायला सोपी, म्हणून जुन्या मिस्त्रींची आवडती. पण हादऱ्यांनी तांबे कठीण होत जाते आणि एक दिवस फ्लेअरजवळ तडकते. शिवाय तांब्यामुळे पेट्रोलचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन चिकट गोंद तयार होतो. ॲल्युमिनियमला पाणी शोषलेल्या इथेनॉलची बाधा होते. लेप दिलेली पोलादी नळी उत्तम, पण मोटारसायकलवर इंजिन, चौकट आणि कॅरिअर वेगवेगळे थरथरत असल्यामुळे दोन्ही टोकांना लवचिक तुकडा लागतोच. म्हणजे प्रश्न पुन्हा रबरावर येतो.

फ्लोरोइलास्टोमर : 'व्हायटॉन' या व्यापारी नावाने बहुतेकांना माहीत. ड्यू पाँट कंपनीने १९५० च्या दशकात हे बाजारात आणले. साखळीतल्या हायड्रोजनच्या जागी बहुतांशी फ्लोरिन असल्यामुळे पेट्रोल आणि इथेनॉल या दोहोंशी त्याची फारशी सोयरीक जमत नाही. सूज कमी, पाझर अत्यल्प, उष्णतेलाही टिकाऊ. दोष दोन : किंमत, आणि कडाक्याच्या थंडीत येणारा ताठरपणा. साधारण उणे पंधरा-वीस अंशांखाली त्याच्या नेहमीच्या जाती कडक पडू लागतात. जूनमधल्या लडाखला हे आड येत नाही.

पूर्ण नळी फ्लोरोइलास्टोमरची केली तर खर्च परवडणार नाही. म्हणून नळीत आतून त्याचे पातळ अस्तर, वर दोऱ्याची वीण आणि बाहेर ऊन-ओझोन सोसणारे दुसरे रबर अशी रचना करतात. आपल्याला हवी ती हीच.

नळीवर लिहिलेले वाचा

चांगल्या नळीच्या अंगावर उत्पादकाचे नाव, आतला व्यास, तारीख किंवा तिचा संकेत आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. अमेरिकेतील एसएई या अभियंता-संस्थेचे 'जे-३०' हे मानक जगभर चालते. त्यातले आपल्या कामाचे प्रकार असे :

'आर-६' आणि 'आर-७' : कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी, कमी दाबाच्या. आतले अस्तर बहुधा नायट्राइल जातीचे.

'आर-९' : इंजेक्शनच्या गाड्यांसाठी, आत फ्लोरोइलास्टोमरचे अस्तर.

'आर-१४' : दाब कमी, पण पाझर रोखणारा थर असलेली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी सोयीची.

'आर-१०' : टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारी.

शेवटच्या प्रकाराबद्दल एक इशारा. आर-९ चा तुकडा टाकीच्या आत वापरू नये. तिचे आतले अस्तर पेट्रोल सोसते, बाहेरचे आवरण नाही. बुडवून ठेवली की ती बाहेरून सुजून फुटते.

आता पाझराचा हिशेब. या मानकानुसार एका चौरस मीटर पृष्ठभागातून चोवीस तासांत जास्तीत जास्त किती ग्रॅम इंधन बाहेर यावे, याची मर्यादा आर-६ ला ६००, आर-७ ला ५५० आणि आर-९ ला केवळ १५ आहे. चाचणीच्या अटी सर्व प्रकारांना तंतोतंत सारख्या नसल्यामुळे गुणोत्तर काटेकोर धरू नये, पण अंदाज येतो. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची एक मीटर नळी घेतली, तर तिचा आतला पृष्ठभाग ०.०२५ चौरस मीटर होतो. म्हणजे मर्यादेवर असलेली आर-७ ची नळी दिवसाला सुमारे चौदा ग्रॅम पेट्रोल हवेत सोडेल, तर आर-९ ची नळी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

चौदा ग्रॅम म्हणजे चमचा-दोन चमचे. त्याने काय होते? त्याची वाफ झाली की साधारण पाच लिटर भरते. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ टक्के झाली की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे चौदा ग्रॅम पेट्रोल सुमारे साडेतीनशे लिटर हवा पेटण्याजोगी करू शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत, उंबऱ्याखालून, न्हाणीघराच्या मोरीकडे सरकते. उघड्या अंगणात ती विरून जाते. बंद पडवीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये ती साचू शकते. आणि हे झाले अखंड, मानकाला उतरलेल्या नळीचे. लेव्हल नळीला तर कसलेच मानक नाही.

नळीइतकीच तिची टोके

उत्तम नळी आणून वाईट बसवली तर पैसे वाया. बाजारातल्या जुबली क्लिपच्या पट्टीला खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांत रबर घुसून कापले जाते. इंजेक्शनच्या नळीसाठी गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या क्लिपा मिळतात, त्याच घ्याव्यात. निपलला उंचवटा हवा. नुसत्या सरळ तांब्याच्या तुकड्यावर आवळलेली नळी दाबाने नाही तरी हादऱ्याने निघते.

व्यास विनाकारण मोठा घेऊ नये. साठच्या वेगाने जाणारी आणि लिटरला पंचवीस देणारी गाडी तासाला २.४ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला चाळीस मिलिलिटर. सहा मिलिमीटरच्या नळीतून नुसत्या उतारानेही याहून कितीतरी जास्त वाहते. व्यास लहान तितका पाझराचा पृष्ठभागही लहान.

कॉक किती, हा त्याहून मोठा प्रश्न. भाच्याच्या गाडीत कॉक फक्त जोडटाकीला होता, आणि नळीचे दुसरे टोक मुख्य टाकीच्या तळालगत. नळी निसटली असती तर जोडटाकीचा कॉक बंद असूनही मुख्य टाकीतले सगळे पेट्रोल गरम इंजिनावर आले असते. तळाशी जोडलेल्या नळीला दोन्ही टोकांना कॉक हवा. शिवाय जोडटाकीतल्या पेट्रोलची पातळी मुख्य टाकीपेक्षा वर असेल आणि मुख्य टाकी भरलेली असताना कॉक उघडा राहिला, तर पेट्रोल झाकणाच्या हवाछिद्रातून बाहेर येते. म्हणून मुख्य टाकी निम्मी झाल्यावर, गाडी उभी करून, डोळ्यांदेखत पेट्रोल उतरवावे आणि दोन्ही कॉक बंद करून मगच पुढे निघावे.

इंजेक्शनच्या गाडीत पंपाच्या पुढची लाइन दाबाची असते, बऱ्याच गाड्यांत सुमारे तीन बार. तिच्यात टी घालून जोडटाकी जोडण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. जोडटाकीचे पेट्रोल मुख्य टाकीतच गेले पाहिजे.

उंचीचाही परिणाम असतो. तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. खाली घट्ट बंद केलेली टाकी तिथे फुगते, आणि कॉक उघडताच पेट्रोल जोराने येते. जोडटाकीला हवाछिद्र हवे, आणि त्याची नळी सायलेन्सरपासून दूर, खाली सोडलेली हवी. तीही त्याच दर्जाची.

घरी करता येईल अशी परीक्षा

मानक छापलेले नसेल, किंवा छापील नावावर विश्वास नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. नळीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे कापा. दोन्हींची लांबी मोजा, सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर वजन करा. एक तसाच ठेवा. दुसरा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये बुडवा. बरणी घराबाहेर, सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. सात दिवसांनी तुकडा काढून, पुसून, लगेच मोजा. लांबी वाढली असेल तर ती सूज. मग तो मोकळ्या हवेत आठवडाभर वाळू द्या आणि पुन्हा मोजा. मूळ वजनापेक्षा कमी भरला तर तितके द्रव्य पेट्रोलने धुऊन नेले. बोटांनी वाकवून न भिजवलेल्या तुकड्याशी तुलना करा. शेवटी बरणीतल्या पेट्रोलचा रंग पाहा.

आम्ही मामा-भाच्यांनी तीन नळ्यांवर हे केले. लेव्हल नळी वाळल्यावर काडीसारखी झाली. गॅरेजमधली बिनछापाची काळी नळी ओली असताना उघड उघड लांब आणि मऊ झाली, वाळल्यावर पुन्हा जवळपास पूर्वीसारखी दिसू लागली. फसवणारी ती हीच, कारण गाडीत ती कधी वाळत नाही. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेल्या आर-९ च्या तुकड्यात मोजपट्टीला फरक सापडला नाही. पाझर मात्र या परीक्षेत कळत नाही. त्यासाठी छापलेल्या क्रमांकावरच भिस्त ठेवावी लागते.

तर मग निवड

थोडक्यात माझे उत्तर असे. जोडटाकीसाठी सहा मिलिमीटरची आर-९ किंवा आर-१४ नळी घ्यावी, लांबी शक्य तितकी कमी ठेवावी, दोन्ही टोकांना कॉक, उंचवट्याचे निपल आणि गुळगुळीत क्लिपा लावाव्यात. नळी सायलेन्सर आणि सिलिंडरपासून दूर, घासणार नाही अशी बांधावी. दर वर्षी वाकवून भेगा पाहाव्यात आणि चार-पाच वर्षांनी, दिसायला चांगली असली तरी, बदलावी. सहल संपली की जोडटाकी रिकामी करून वाळवून ठेवावी. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या टाकीत ते पाणी तळाला बसून ॲल्युमिनियम खाते. पेट्रोल दिसावे म्हणून पारदर्शक नळीचा हट्ट धरू नये. पातळी पाहायची तर झाकण उघडून पाहावी.

कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. मुख्य टाकीला भोक पाडून कायमची जोडणी केली, तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर काय सांगायचे याचा विचार आधीच केलेला बरा.

इतके सगळे झाल्यावर भाच्याने मला एक प्रश्न विचारला, आणि तो मला आधी सुचायला हवा होता. "मामा, एवढी नळी सांभाळण्यापेक्षा नळीच नसली तर?" आम्ही पुन्हा हिशेब मांडला. तूट दोन लिटरची. चालत्या गाडीत पेट्रोल उतरवण्याची गरज शर्यतवाल्यांना, ज्यांचे प्रत्येक मिनिट मोजले जाते. लेहला जाणाऱ्याला सरचूला चहा प्यायला थांबायचेच असते. त्याने कॅरिअरवरची टाकी काढली, मुख्य टाकीची जोडणी पक्की बुजवून घेतली आणि पाच लिटरचा, घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला पत्र्याचा डबा पट्ट्यांनी बांधून नेला. भरताना तो जमिनीवर ठेवायचा आणि काठोकाठ भरायचा नाही, हे मी चार वेळा बजावले. आर-९ ची नवी नळी वाया गेली नाही. त्याच्या बाबांच्या पंधरा वर्षांच्या स्कूटरला ती लागली. त्या स्कूटरच्या जुन्या नळीला वाकवताच भेगा दिसल्या होत्या, आणि ती स्कूटर इतकी वर्षे रोज रात्री जिन्याखाली उभी राहत होती.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. जिन्याखाली, पार्किंगमध्ये पणत्या लागतील, मुले फुलबाज्या घेऊन धावतील. त्याआधी एकदा खाली उतरून आपल्या गाडीजवळ वाका आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी मोकळ्यावर काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडले की मिस्त्रीला नळी बदलून मागा, आणि बसवण्याआधी तिच्यावर काय छापले आहे ते स्वतः वाचा.